हेडफोनची पारख

प्रस्तावना

लखनौच्या कैसरबागेतील परीखान्याची वास्तू नवाब वाजिद अली शाह यांच्या कलाप्रेमाची साक्ष देत उभी आहे. या वास्तूत नांदणाऱ्या संगीतसंस्थेचा पाया एका मराठी माणसाने घातला. मुंबईच्या वाळकेश्वरात जन्मलेले आणि पेशाने वकील असलेले पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी राय उमानाथ बली, राजा नवाब अली आदी रसिकांच्या साहाय्याने १९२६ साली लखनौमध्ये मॅरिस कॉलेज सुरू केले. पुढे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी प्राचार्य म्हणून ते दीर्घकाळ सांभाळले. आज ही संस्था भातखंडे यांच्याच नावाने विश्वविद्यालय म्हणून ओळखली जाते.

त्या काळी संगीत शिकायचे म्हणजे गुरूसमोर बसून ऐकायचे. आजही गुरूला पर्याय नाही. परंतु शिकवणी संपल्यावर विद्यार्थी मोबाइलवर जुनी ध्वनिमुद्रणे ऐकतो, तीही बहुधा हेडफोन लावून. गायकाची मींड, तानपुऱ्याची आस, तबल्याचा ठेका हे सारे त्याच्यापर्यंत पोहोचते ते नाण्याएवढ्या एका पडद्यातून. म्हणूनच हे लहानसे साधन डोळसपणे निवडणे आवश्यक आहे. चुकीच्या निवडीने पैसे वाया जातात, एवढेच नव्हे तर कानांनाही इजा होऊ शकते.

हेडफोनचे कार्य

बहुतेक हेडफोनमध्ये एक लहान चुंबक, तारेची गुंडाळी आणि तिला जोडलेला पातळ पडदा असतो. गाण्याचे विद्युत्‌संकेत गुंडाळीतून वाहू लागले की ती चुंबकाजवळ पुढेमागे हलते, पडदा कंप पावतो आणि हवेत ध्वनिलहरी उमटतात. अमेरिकेतील नॅथॅनिएल बाल्डविन यांनी १९१० च्या सुमारास आपल्या घरी हेडफोन तयार करून तेथील नौदलाला पुरवले. १९५८ मध्ये जॉन कॉस यांनी दोन्ही कानांना वेगवेगळा ध्वनी देणारा हेडफोन संगीतश्रोत्यांसाठी आणला. १९७९ साली जपानमध्ये वॉकमन आला आणि संगीत माणसाबरोबर रस्त्यावर चालू लागले.

हेडफोनच्या वेष्टनावर २० ते २०,००० हर्ट्झ असे आकडे दिसतात. माणसाच्या कानाला ऐकू येणाऱ्या ध्वनीची कक्षा साधारण एवढीच आहे. मात्र या कक्षेतील सर्व स्वर योग्य प्रमाणात ऐकू येतील, असा त्याचा अर्थ नव्हे. केवळ मोठा पडदा किंवा मोठे आकडे पाहून निवड करू नये.

प्रवासासाठी

बस, ई-रिक्शा किंवा मेट्रोमध्ये भोवतालचा गोंगाट हीच मुख्य अडचण असते. तो झाकून टाकण्यासाठी आपण नकळत आवाज वाढवतो. अशा वेळी कानाच्या छिद्रात घट्ट बसणारे, मऊ बोंडांचे इअरफोन उपयोगी पडतात. बाहेरचा आवाज अडला, की कमी आवाजातही गाणे स्पष्ट ऐकू येते. इअरफोनबरोबर निरनिराळ्या मापांची बोंडे मिळतात. आपल्या कानात नीट बसणारे माप निवडल्यास खालचे स्वरही भरदार लागतात. बोंड सैल राहिल्यास महागडा इअरफोनही पोकळ वाजतो.

काही हेडफोनमध्ये गोंगाट शमवण्याची सोय असते. त्यातील सूक्ष्म ध्वनिग्राहक बाहेरचा आवाज टिपतो आणि त्याच्या नेमकी उलट लहर निर्माण करून तो आवाज क्षीण करतो. अमर बोस यांना ही कल्पना १९७८ मध्ये विमानप्रवासात सुचली. त्यांचे वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले स्वातंत्र्यसैनिक होते. ही सोय इंजिनाच्या अखंड घरघरीवर चांगली चालते. अचानक वाजणाऱ्या भोंग्यावर किंवा शेजारच्यांच्या बोलण्यावर तितकी नाही.

येथे एक गोष्ट कधीही विसरू नये. रस्ता किंवा रेल्वेमार्ग ओलांडताना आणि वाहन चालवताना कान मोकळेच असावेत.

घरासाठी

घरात शांतता असेल, तर कानांना पूर्ण झाकणारे मोठे हेडफोन अधिक सुखकर ठरतात. त्यांचे दोन प्रकार आहेत. ज्यांची मागील बाजू उघडी असते, त्यांतून ध्वनी मोकळा आणि नैसर्गिक वाटतो. मात्र तो बाहेरही ऐकू जातो. ज्यांची मागील बाजू बंद असते, त्यांतून ध्वनी बाहेर फारसा फुटत नाही. एकाच खोलीत कोणी अभ्यास करत असेल, कोणी निजले असेल, तर बंद प्रकारच सोयीचा.

हवामानाचाही विचार करावा. लखनौचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो. अशा दिवसांत कृत्रिम चामड्याच्या गाद्यांनी कान घामाने भिजतात. कापडी गाद्या बऱ्या वाटतात. तासभर ऐकायचे असल्यास वजन आणि डोक्यावरील पट्टीचा दाब हेही पाहावे.

काही उंची हेडफोनचा विद्युत्‌अवरोध २५० ओहम किंवा त्याहून अधिक असतो. साध्या मोबाइलवर ते फार हळू वाजतात. त्यांना वेगळा ध्वनिवर्धक लागतो. मोबाइलसाठी साधारण १६ ते ३२ ओहमचा हेडफोन पुरेसा असतो.

खेळासाठी

संगणकावरील खेळात पावलांचा आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे कळणे महत्त्वाचे असते. दोन्ही कानांपर्यंत ध्वनी पोहोचण्यातील अत्यल्प फरकावरून आपला मेंदू दिशा ओळखतो. म्हणून येथे ढणढणाटापेक्षा दिशांची स्पष्टता मोलाची असते. सवंगड्यांशी बोलण्यासाठी चांगला ध्वनिग्राहकही हवा.

ब्लूटूथच्या साध्या हेडफोनमध्ये ध्वनी किंचित उशिरा पोहोचतो. गाणे ऐकताना हा उशीर जाणवत नाही. खेळात मात्र दृश्य आधी आणि आवाज मागून, असा घोटाळा होतो. त्यामुळे खेळासाठी तारेचा हेडफोन किंवा स्वतंत्र बिनतारी जोडणीचा हेडफोन घ्यावा. रियाजासाठी स्वतःचा आवाज हेडफोनमधून ऐकायचा असेल, तरीही तारेचाच हेडफोन इष्ट होय.

दुकानात पारख कशी करावी?

लखनौच्या नाझा मार्केटमध्ये किंवा आपल्या गावातील बाजारात खरेदीला जाताना आपल्या ओळखीची दोन-तीन ध्वनिमुद्रणे बरोबर न्यावीत. ख्यालगायन असल्यास पुढील गोष्टी लक्षपूर्वक ऐकाव्यात.

• गायनाच्या मागे तानपुरा सलग ऐकू येतो का?
• डग्ग्याचा घुमारा गायकाच्या आवाजावर चढतो का?
• तीव्र ‘स’कार कानाला टोचतात का?

दोन हेडफोनची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखाच ठेवावा. मोठा वाजणारा हेडफोन पहिल्या क्षणी नेहमीच सरस वाटतो; पण तो भास असतो. तार, जोड आणि गाद्या बदलता येतात का, हे विचारावे. खरेदीची पावती व हमीपत्र अवश्य घ्यावे. नामांकित कंपनीच्या नावाने अतिशय स्वस्तात मिळणारी वस्तू नकली असण्याचा संभव असतो.

कानांची काळजी

आपल्या अंतर्कर्णात ध्वनी टिपणाऱ्या सूक्ष्म केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या एकदा नष्ट झाल्या, की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने ८० डेसिबेल आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित मानले जाते. आवाज ९० डेसिबेल झाला, की ही मर्यादा अवघ्या ४ तासांवर येते. आवाज थोडा वाढतो. सुरक्षित वेळ मात्र झपाट्याने घटते.

म्हणून आवाज यंत्राच्या कमाल मर्यादेच्या निम्म्याच्या आसपास ठेवावा आणि मधूनमधून कानांना विसावा द्यावा. हेडफोन काढल्यावर कानांत शिट्टी वाजल्यासारखे वाटू लागले किंवा इतरांचे बोलणे अस्पष्ट ऐकू आले, तर तो धोक्याचा इशारा समजावा आणि त्रास टिकल्यास कानाच्या डॉक्टरांना दाखवावे.

समारोप

सर्वांसाठी उत्तम असा एकच हेडफोन नसतो. कोठे ऐकायचे, काय ऐकायचे आणि किती वेळ ऐकायचे, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी स्वतःशी द्यावीत. मग किमतीकडे वळावे. हेडफोन बिघडला तर दुसरा विकत घेता येतो. बारीक श्रुतिभेद ओळखणारा कान मात्र बाजारात मिळत नाही. संगीताचा खरा ठेवा तोच होय.

स्वाध्याय

१. प्रवासात कानात घट्ट बसणारा इअरफोन अधिक सुरक्षित का ठरतो?
२. उघड्या आणि बंद हेडफोनमधील फरक स्पष्ट करा.
३. खेळासाठी तारेचा हेडफोन का निवडावा?
४. तुमच्या घरातील व्यक्तींच्या गरजा विचारून कोणाला कोणता हेडफोन योग्य ठरेल, ते आठ-दहा ओळींत लिहा.