इंग्रजी शब्दांच्या पोटातले शेत



आमचे काम बी-बियाणे, खते आणि फवारणीचे. शब्दांच्या भानगडीत विस्तार अधिकाऱ्याने पडू नये, हे मलाही कळते. पण मध्यंतरी एका गावी हरभऱ्यावरची घाटेअळी पाहायला गेलो आणि पडावे लागले.

पाहणी आटोपून एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या ओसरीवर चहाला टेकलो. त्यांची मुलगी कृषी पदवीच्या पहिल्या वर्षाला. दोन विषय राहिले म्हणून घरी आलेली, ती परत जायचे नाव घेईना. "साहेब, सगळं इंग्रजीतून आहे. माझ्या डोक्यात शिरत नाही. ती भाषा आपली नव्हेच," ती म्हणाली. वडील खाली मान घालून म्हणाले, "राहू दे म्हणतो. एक स्थळ आलंय."

मला माझेच पहिले वर्ष आठवले. 'ॲनिमल हज्बंड्री' हा विषय पाहून मी शेजारच्या मुलाला विचारले होते, "जनावरांचे नवरे आणि अभ्यासाला कशाला?" वर्ग हसला होता. पुढे कळले की माझे फारसे चुकले नव्हते. हज्बंड म्हणजे मुळात घर आणि जमीन सांभाळणारा कारभारी. मग नांगर धरणाऱ्या कुणब्यालाही तोच शब्द लागला, आणि त्याच्या कामाला हज्बंड्री. बायकोचा नवरा हा अर्थ मागाहून चिकटला. लॉर्ड आणि लेडी हे शब्द तर थेट चुलीपासचे! लॉर्ड म्हणजे भाकरी राखणारा, लेडी म्हणजे पीठ मळणारी. हे ऐकून आत परातीशी बसलेल्या वहिनी मोठ्याने हसल्या.

मुलीला म्हटले, "फर्लांग माहीत आहे ना?" आपल्याकडे जुनी माणसे अजून म्हणतात, मारुतीचे देऊळ दोन फर्लांगांवर. या शब्दात दोन तुकडे आहेत. पहिल्याचा अर्थ नांगराचे तास, दुसऱ्याचा लांब. तासाची लांबी म्हणजे फर्लांग, ६६० फूट. इंग्लंडातली जमीन भारी, नांगर जड. एका नांगराला आठ-आठ बैल जुंपत. एवढे लांबलचक औत वळवणे सोपे नाही, म्हणून तिकडे तास लांबच्या लांब घालीत.

आता एकर. हा शब्द मुळात नुसत्या शेताचा. पुढे बैलजोडी एका दिवसात जेवढे नांगरील तेवढी जमीन, असे त्याचे माप झाले. संस्कृतात 'अज्र' म्हणजे मैदान, शेत. एकर आणि अज्र एकाच मुळाचे. तसेच इंग्रजी 'योक', संस्कृत 'युग' आणि आपले 'जू' ही तीन भावंडे. बैलाच्या मानेवर हजारो वर्षे एकच शब्द बसला आहे, फक्त मुलूख बदलला. "मग ही भाषा अगदीच परकी कशी?" मी विचारले. मुलगी काही बोलली नाही, पण वही घेऊन आली.

इंग्रजही काठीनेच जमीन मोजीत. त्यांची काठी साडेसोळा फुटांची. आपल्याकडेही वीस काठ्यांचा पांड आणि वीस पांडांचा बिघा होताच. त्यांचा एकर ४० काठ्या लांब आणि ४ काठ्या रुंद. १६२० च्या सुमारास एडमंड गुंटर नावाच्या गणित्याने त्या चार काठ्यांची, म्हणजे ६६ फुटांची, साखळी केली. क्रिकेटच्या दोन यष्ट्यांमधले २२ यार्डांचे अंतर ते हेच, एक साखळी. आपल्या मुंबई इलाख्यातल्या मोजणीत ३३ फुटांची साखळी आली. तिचा चौरस म्हणजे गुंठा. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, असे ४० गुंठे केले की ४३,५६० चौरस फूट, पुरा एकर. आता सातबाऱ्यावर हेक्टर-आर आले. गुंठा आणि आर यांत फरक जेमतेम सव्वा टक्क्याचा, पण बांधावरच्या भांडणाला तेवढाही पुरतो.

वडिलांनी हळूच विचारले, "आणि फार्मर म्हणजे?" हा शब्द मात्र मोठा चमत्कारिक. फार्म म्हणजे आधी शेत नव्हतेच. फार्म म्हणजे ठरलेला खंड, मक्त्याची रक्कम. सरकारी वसुलीचा मक्ता घेणाराही फार्मरच म्हणवून घेई. मग खंडाने केलेल्या जमिनीला फार्म म्हणू लागले आणि कसणाऱ्याला फार्मर. ते क्षणभर गप्प राहिले. त्यांची स्वतःची दीड एकर आणि दोन एकर खंडाने केलेली, हे मला ठाऊक होते. "म्हणजे त्यांच्याकडेही आमच्यासारखेच होते म्हणायचे," ते म्हणाले.

मुलीने वहीतला एक शब्द पुढे केला, 'आफ्टरमाथ'. वर्तमानपत्रात हा पूर किंवा भूकंपानंतरच्या परिणामांसाठी वापरतात. पण मूळचा तो गवताचा. एकदा कापणी झाल्यावर त्याच जागी जे दुसऱ्यांदा फुटून येते ते आफ्टरमाथ. ऊस तुटून गेल्यावर आपण खोडवा राखतो ना, तसेच. ती म्हणाली, "हे असे कोणी सांगितलेच नाही." खरे तर मलाही कोणी सांगितले नव्हते. जुन्या बाजारात एक फाटका शब्दकोश मिळाला होता, त्यातून पुढे नाद लागला. तो तिला देऊन टाकला. कव्हर नाही, पण पाने पुरी आहेत.

परवा त्याच बाजूला कामगंध सापळे वाटायला गेलो होतो. ओसरीवर वडील एकटेच होते. म्हणाले, "सोमवारच्या पहिल्या एस.टी.ने गेली. स्थळवाल्यांना थांबा म्हणून कळवलंय." मग उठून आतून तिच्या जुन्या वहीचे एक पान घेऊन आले. त्यावर 'जू' आणि 'योक' शेजारी शेजारी लिहिले होते आणि खाली बैलजोडीचे वेडेवाकडे चित्र. "हा दुसरा शब्द कसा म्हणायचा, तेवढे पुन्हा सांगा," ते म्हणाले.