अडथळे ओलांडणारे घोडे



पौष पौर्णिमेस मुरबाड तालुक्यांतील म्हसा गांवीं खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. तेथील घोंगड्या प्रसिद्ध आहेत, तसाच जनावरांचा बाजारही. मुरबाड-शहापूरकडील जाणता शेतकरी बैल घेतांना शिंगांच्या रंगाला भुलत नाहीं. तो पाय पाहतो, खांदा चाचपतो, जनावरास चार पावलें चालवितो आणि त्याच्या नजरेचा अंदाज घेतो. आज ज्या घोड्यांविषयीं मी बोलणार आहें, त्यांच्या कीर्तीचें मूळही अशाच पारखींत आहे.

मुंबईकरांस घोडा म्हटला कीं महालक्ष्मीची शर्यत आठवते. परंतु १९४२ सालीं स्थापन झालेल्या अमॅच्युअर रायडर्स क्लबनें त्याच मैदानावर एक निराळी विद्याही जोपासली. ती अडथळे ओलांडण्याची. येथें नुसत्या वेगानें भागत नाहीं. ठरलेल्या क्रमानें दांडे, भिंती, पाण्याचे चर ओलांडावयाचे. दांडा पडला तर दंडाचे चार गुण. घोडा अडथळ्यासमोर अडला तरीही चार. ऑलिंपिकमध्यें हे अडथळे सुमारें १.६० मीटरपर्यंत, म्हणजे जवळजवळ माणसाएवढे उंच असतात.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असतात. त्यामुळें आजूबाजूचें त्याला पुष्कळ दिसतें, पण अगदीं नाकासमोरचें दिसत नाहीं. उडी घेण्याच्या क्षणीं अडथळा त्याच्या दृष्टीआड होतो. मग तो उडतो कशाच्या बळावर? आधीं बांधलेल्या अंदाजावर, आणि पाठीवरील माणसाच्या विश्वासावर!

पूर्वीं स्वार उडीच्या वेळीं मागें रेलून लगाम खेचीत. घोड्याच्या तोंडाला हिसका बसे. इटलीच्या घोडदळांतील फेडेरिको काप्रिल्ली (१८६८–१९०७) यानें स्वारांस पुढें झुकून घोड्याच्या हालचालीशीं एकरूप होण्यास शिकविलें. आज जगभर हीच बैठक रूढ आहे.

आतां पारखीची गोष्ट. १९५६ सालीं अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनियांत घोड्यांचा एक लिलाव नुकताच संपला होता. हॅरी डी लेयर हा मूळचा डच स्वार तेथें उशिरा पोंचला. उरलेले घोडे खाटिकखान्याकडे जाणाऱ्या गाडींत चढविले गेले होते. त्यांतील नांगर ओढून थकलेल्या एका पांढुरक्या घोड्याची नजर त्याला आवडली; ८० डॉलर देऊन त्यानें तो उतरवून घेतला. पुढें त्यानें तो एका शेजाऱ्यास विकला, तर घोडा कुंपणें ओलांडून पुनःपुन्हां जुन्या धन्याकडे येऊं लागला. तेव्हां त्याचा गुण ध्यानांत आला. १९५८ सालीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें हा ‘स्नोमॅन’ विजेता ठरला.

विश्वासाची गोष्ट ‘हाला’ या जर्मन घोडीची. १९५६ च्या ऑलिंपिकमधील घोडेस्वारीच्या स्पर्धा स्टॉकहोम येथें झाल्या. पहिल्या फेरींत तिचा स्वार हान्स ग्युंटर विंकलर याच्या जांघेचा स्नायु दुखावला. दुसऱ्या फेरींत खोगिरावर बसणेंही त्याला असह्य होतें. तिला नेहमींसारखे इशारे देणें दूरच. तरी हालानें एकही दांडा न पाडतां त्याला शेवटपर्यंत नेलें आणि सुवर्णपदक मिळवून दिलें.

आपल्याकडे १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई खेळांत रघुबीरसिंग यांनीं ‘शहजादा’ घोड्यावर सुवर्णपदक मिळविलें. त्यांची स्पर्धा तीन अंगांची होती; त्यांतलें एक अंग अडथळ्यांवरील उड्यांचेंच.

या सर्वांत बाजारभावाचा वांटा किती? स्नोमॅनची किंमत लिलावांत ठरली होती, ती मांसाची. त्याचें मोल ठरविलें तें एका माणसाच्या डोळ्यानें. आणि डी लेयर आणखी थोडा उशिरा पोंचता, तर तें कोणालाच कळलें नसतें. म्हशाच्या बाजारांत जनावराच्या डोळ्यांकडे निरखून पाहणाऱ्या शेतकऱ्यास ही गोष्ट सांगितली, तर त्याला तिचें नवल वाटणार नाहीं.