रस्सा फुकट, भाकरी मोजून

शेवगावात रामेन, म्हणजे रश्शातल्या जपानी नूडल्स, मिळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. कॉलेजच्या पोरांना टपरीवर मॅगी मिळते. तिचं मूळ शोधायला गेलं तर ते जपानच्या मोमोफुकु आंदो यांच्यापर्यंत जातं. झटपट नूडल्सचं पहिलं पाकीट त्यांनी १९५८ साली बाजारात आणलं. पण भर दुपारी, कामाच्या दिवशी, चार बाकांच्या दुकानात शिरायचं, समोर आलेल्या कढत रश्शात मान घालायची आणि पंधरा मिनिटांत बाहेर पडायचं, हे जपानी नोकरदाराचं सुख शेवगावच्या माणसाला नवं नाही. फक्त त्याच्या पुढ्यात नूडल्सऐवजी बाजरीची भाकरी असते.

गाव नगर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला. नगरहून साठ-पासष्ट किलोमीटर, पैठण तीसेक किलोमीटर, आणि गेवराईचा रस्ता धरला की बीड जिल्हा लागलाच. रेल्वे नाही. त्यामुळे नेवासा, पैठण, गेवराई, पाथर्डी या चारही वाटांची माणसं एसटीने नाही तर दुचाकीने येतात. कुणाची तहसीलमध्ये फेरफाराची नोंद अडलेली, कुणाची कोर्टात तारीख, कुणाला पंचायत समितीत साहेब भेटायचेत. साहेब जेवायला गेले की ही माणसंही जेवायला निघतात. खानावळींची गर्दी ओळखायची तर घड्याळ नको, कचेरीचं दार बघावं.

बसस्टँड आणि क्रांती चौकाच्या आसपास अशा बऱ्याच खानावळी आहेत. एकीचं नाव घेऊन दुसरीवर अन्याय करत नाही, कारण साचा एकच. दारात काउंटर, त्यावर देवाचा फोटो आणि बडीशेपेची वाटी. आत स्टीलचे पेले पालथे घातलेली टेबलं. मागे पत्र्याच्या शेडमध्ये चूल. खरं दुकान तिथे मागेच चालतं. काठवटीत पीठ मळणारी बाई पाण्याचा हात लावून गोळा थापते, बोटांच्या टोकांनी कडा सारखी करत भाकरी फिरवते आणि ती अलगद तव्यावर सोडते. वर पाणी फिरवलं, उलटली, मग तवा बाजूला सरकवून निखाऱ्याला लावली की भाकरी टम्म फुगते. एकीकडे पुढची भाकरी थापणं चालूच. या कामाला इथे यंत्र नाही, आणि असा हात असलेली बाई रोज कामावर टिकवणं ही मालकाची सगळ्यात मोठी काळजी.

रश्शाचं गणित वेगळं. कांदा आणि सुकं खोबरं काळपट होईतो भाजायचं, धने, मिरची, दगडफूल वगैरे मसाला घालून वाटायचं आणि तेल सुटेपर्यंत परतायचं. दाटपणा हवा तर येसूर: धान्य, डाळी आणि मसाला भाजून दळलेलं पीठ. पातेल्यात वर तर्री तरंगते, खाली पातळ रस्सा. जाणतं गिऱ्हाईक वाढप्याला बजावतं, ‘दादा, वरवरचा नको, खालून हलवून टाक.’ मग भाकरी कुस्करायची, रस्सा ओतायचा, वर लिंबू पिळायचं, बुक्कीने फोडलेला कांदा तोंडी लावायचा. चमच्याने खाणारा माणूस इथे परगावचा समजला जातो.

आता मौज बघा. जपानात फुकुओकाच्या नागाहामा भागात मासळी बाजारातल्या कामगारांसाठी रामेनची दुकानं निघाली. माणसं घाईची, म्हणून नूडल्स बारीक, पटकन शिजणाऱ्या. भूक उरली तर पैसे देऊन नूडल्सची आणखी एक वळी त्याच वाडग्यात घालून घ्यायची. पण त्यासाठी रस्सा राखून ठेवावा लागतो, कारण डुकराची हाडं तासन् तास उकळून केलेला तो रस्साच महाग. शेवगावात नेमकं उलटं. भाकरी मोजून, रस्सा मागाल तितका. फुकट काय मिळतं यावरून त्या गावात घाम कुठे गळतो ते कळतं. इथे तो चुलीपुढे गळतो.

पैशांची रीतही निराळी. तिकडे पुष्कळ दुकानांत दाराशीच यंत्रात पैसे टाकून तिकीट घ्यायचं, मग बसायचं. इथे आधी जेवण. हात धुऊन तुम्ही गल्ल्याशी पोचेपर्यंत मागून वाढप्याची आरोळी येते, ‘मामांच्या तीन भाकरी, एक हाफ राइस!’ आरोळी आली नाही तर मालक तुम्हालाच विचारतो आणि सांगाल तो आकडा लावतो.

कामाच्या दिवसांतही वाराला महत्त्व आहे. बुधवारी, शुक्रवारी मटणाच्या पातेल्याभोवती झुंबड. सोमवारी, गुरुवारी तेच गिऱ्हाईक माळ चाचपत मटकीची उसळ मागतं. श्रावणात काही मालक चक्क रंगकाम काढतात. कापसाचे पैसे हातात आले किंवा उसाचं गाळप सुरू झालं की ट्रॅक्टरवाले, ट्रकवाले वाढतात आणि दुपारचं जेवण चार वाजेपर्यंत लांबतं. पैठणच्या बाजूला सरकलं की ताटात मासा दिसू लागतो. ही जायकवाडीची करणी. १९७६मध्ये धरण पुरं झालं, नाथसागराच्या फुगवट्याने गोदाकाठच्या जमिनी गिळल्या आणि कोरडवाहू मुलखाच्या काळ्या मसाल्यात रोहू, कटला, चिलापी येऊन पडले. जमीन गेलेल्याला हा मोबदला पुरेसा वाटेल असं मात्र कुणी म्हणू नये.

जायचं असेल तर सकाळी आधी शेवगावजवळच्या घोटणचं मल्लिकार्जुन मंदिर बघून घ्या. जुनं दगडी काम, आत गारवा, आणि शेवगावच्या मानाने गर्दी अगदीच कमी. हिवाळा असेल तर जायकवाडीच्या पाण्यावर पाहुणे पक्षीही दिसतील. १९८६पासून ते अभयारण्य आहे. पण फिरण्याच्या नादात शेवगावात पोचायला अडीच वाजवू नका. तोवर चुलीपुढची बाई उठलेली असते आणि वाढपी निर्विकारपणे सांगतो, ‘भाकरी संपली, चपाती चालेल का?’ नाही म्हणा, चहा घ्या आणि दुसऱ्या खानावळीत डोकावा.