तळघर कोरडे कसे राखावे

घर बांधणारा मनुष्य आकाशातून पडणाऱ्या पाण्याचा विचार अगत्याने करतो. छपराला उतार देतो, गच्चीवर जलरोधक थर घालतो, खिडक्यांवर सज्जे काढतो. परंतु तेच पाणी जमिनीवर पडल्यानंतर कोठे जाते, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. ज्या घराला तळघर नाही त्याचे यावाचून फारसे अडत नाही. तळघर असलेल्या घराची गोष्ट निराळी आहे. त्याचा एक मजलाच मातीत उभा असतो, आणि पावसाळ्यात ती माती पाण्याने भरून जाते.

तळघर आपल्या देशाला नवे नाही. जमिनीत जसजसे खोल जावे तसतसा ऋतूंचा फरक कमी होत जातो आणि मातीचे तापमान त्या स्थळाच्या वार्षिक सरासरीकडे झुकते. दिल्लीस ही सरासरी सुमारे २५ अंश सेल्सियस आहे. मे महिन्यात वरची हवा ४० अंशांपलीकडे तापत असता उत्तर हिंदुस्थानातील हवेल्यांचे लोक तहखान्यात जाऊन बसत, ते याच कारणाने. महाराष्ट्रात सांगलीजवळ हरिपूर येथे जमिनीत खोदलेल्या पेवांत हळद साठवीत. तेथील कोरड्या मातीत ती दीर्घकाळ न किडता राही. मात्र २००५ सालच्या महापुरात यांपैकी पुष्कळ पेवे निकामी झाली. जमिनीचा आश्रय जोवर कोरडा आहे, तोवरच तो आश्रय होय.

आज शहरांत जागा महाग झाल्यामुळे तळघरे पुन्हा वाढली आहेत. कोणी तेथे अडगळ ठेवतो, कोणी मोटार, तर कोणी अभ्यासाची खोली करतो. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीतील जुन्या राजेंद्रनगर भागात एका शिकवणी वर्गाच्या तळघरात रस्त्यावरील पावसाचे पाणी शिरले आणि तेथील वाचनालयात बसलेले तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले. तळघरातील पाण्याचा प्रश्न केवळ पोपडे सुटलेल्या गिलाव्याचा नाही, हे या घटनेवरून ध्यानी यावे.

पाण्याच्या चार वाटा

तळघरात पाणी मुख्यत्वे चार वाटांनी येते, आणि प्रत्येक वाटेचा उपाय वेगळा असतो. निदान चुकले की खर्च व्यर्थ जातो.

पहिली वाट उघड आहे. रस्त्यावर किंवा अंगणात तुंबलेले पाणी जिन्यावरून, मोटारीच्या उतारावरून अथवा झरोक्यातून आत उतरते.

दुसरी वाट पाझराची. भिंतीबाहेरची माती भिजली की त्या पाण्याचा दाब भिंतीवर पडतो, आणि जेथे फट, सैल सांधा अगर नळासाठी पाडलेले भोक असेल तेथून ते आत झिरपते. जमीन आणि भिंत जेथे मिळतात तो सांधा बहुधा सर्वांत आधी गळू लागतो.

तिसरी वाट केशाकर्षणाची. दिव्याच्या वातीत तेल चढते त्याचप्रमाणे विटांच्या आणि चुन्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी वर चढते. नळी जितकी बारीक, तितकी चढण अधिक. ०.१ मिलिमीटर व्यासाच्या नळीत पाणी सुमारे ३० सेंटिमीटर चढते, ०.०१ मिलिमीटर व्यासाच्या नळीत तत्त्वतः ३ मीटरपर्यंत. हे पाणी मातीतील क्षार बरोबर आणते. पाणी वाळून जाते आणि क्षार पृष्ठभागावर पांढरे फुलतात. यालाच आपण भिंतीला लोणा लागला असे म्हणतो.

चौथी वाट हवेतून येते. हवेचे तापमान ३२ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ७५ टक्के असेल, तर तिचा दवबिंदू सुमारे २७ अंश असतो. अशी हवा २५ अंशांच्या भिंतीला लागली की भिंतीला घाम सुटतो. म्हणून ऐन पावसाळ्यात तळघर सुकावे या हेतूने खिडक्या उघड्या टाकणारा गृहस्थ पुष्कळदा ओल घालवण्याऐवजी ती आत बोलावीत असतो.

शेवटच्या दोन-तीन वाटांतील भेद ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचा फूटभर चौकोनी तुकडा घ्यावा, भिंतीचा तेवढा भाग पुसून कोरडा करावा आणि चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करून तो तुकडा भिंतीवर लावावा. दोन दिवसांनी पाहावे. खोलीकडील बाजूस थेंब दिसले तर पाणी हवेतील आहे. भिंतीकडील बाजू ओली झाली तर ते भिंतीतून आले आहे. आणखी एक खूण ध्यानात ठेवावी. पावसाळा उलटून गेल्यावर, डिसेंबर-जानेवारीतही एकाच जागी ओल टिकून राहिली, तर फुटलेला नळ, गळके गटार किंवा शेजारची जमिनीतील टाकी यांचा संशय घ्यावा.

दाबाचा हिशेब

पाणी मृदू असले तरी साचलेल्या पाण्याचा भार विलक्षण असतो. एक मीटर खोल पाणी आपल्या तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर १ टन दाब टाकते. तळघराच्या तळापासून २ मीटर उंचीपर्यंत बाहेरची माती पाण्याने भरली आहे असे समजू. १० मीटर लांबीच्या एका भिंतीवर केवळ पाण्याचाच एकूण दाब सुमारे २० टन होईल. आर्किमिडीजच्या सिद्धांताप्रमाणे हेच पाणी तळघराला नावेसारखे वर उचलू पाहील. १० मीटर लांब व १० मीटर रुंद अशा तळावर हा वरच्या दिशेचा रेटा २०० टन, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरला २ टन होतो. १५ सेंटिमीटर जाड काँक्रीटचे वजन चौरस मीटरला अवघे ३६० किलोग्रॅम भरते. अशी जमीन फुगून का तडकते, याचा उलगडा एवढ्यावरून होतो.

हेन्री दार्सी या फ्रेंच अभियंत्याने दिझाँ शहराच्या पाणीपुरवठ्याच्या निमित्ताने वाळूतून वाहणाऱ्या पाण्याचे प्रयोग केले आणि १८५६ साली त्यांचा नियम प्रसिद्ध केला. सच्छिद्र पदार्थातून जाणारे पाणी दोन गोष्टींवर अवलंबून असते : त्या पदार्थाची पारगम्यता आणि मार्गाच्या लांबीच्या मानाने पाण्याच्या पातळीतील फरक. या नियमात आपल्या प्रश्नाचे उत्तर सामावलेले आहे. जलरोधक लेप पारगम्यता कमी करतो खरा. परंतु एक तडा गेला की त्या ठिकाणी त्याचा उपयोग संपतो. याउलट बाहेरच्या पाण्याची पातळीच खाली आणली, तर प्रत्येक फटीवरील, प्रत्येक सांध्यावरील दाब एकाच वेळी उतरतो. म्हणून पाणी भिंतीशी अडवण्यापूर्वी त्याला दुसरी वाट काढून द्यावी, हे या विषयाचे मुख्य सूत्र होय.

उपायांचा क्रम

आरंभ छपरापासून करावा. २८ जून २०२४ रोजी संपणाऱ्या चोवीस तासांत दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत २२८.१ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. १०० चौरस मीटरच्या एका गच्चीवर एवढ्या पावसाचे सुमारे २२,८०० लिटर पाणी पडते. पन्हळ तुंबलेली असेल किंवा तिचा नळ भिंतीच्या पायथ्याशीच सुटत असेल, तर हे सारे पाणी आपण आपल्या हाताने तळघराच्या भिंतीवर ओततो. मे महिना संपण्यापूर्वी पन्हळी साफ कराव्यात आणि नळाचे तोंड भिंतीपासून निदान दोन मीटर दूर न्यावे. पावसाचे पाणी जिरवण्याचा खड्डा अनेक शहरांत नव्या इमारतींना बंधनकारक आहे. तो हितकारकच आहे. परंतु तळघराच्या भिंतीलगत तो खणू नये.

दुसरे लक्ष जमिनीच्या उताराकडे द्यावे. घराभोवतीची जमीन पहिल्या तीन मीटरांत निदान १५ सेंटिमीटर उतरावी. बांधकामाच्या वेळी भिंतीलगत टाकलेला भराव कालांतराने खचतो आणि तेथे पाणी साठणारा खळगा तयार होतो. तो चिकण मातीने भरून पुन्हा उतार द्यावा. तळघराचा जिना, मोटारीचा उतार आणि झरोके यांना रस्त्याच्या पुराच्या पातळीहून उंच उंबरठा असावा. पृष्ठभागावरील पाणी तळघरात शिरणार नाही अशी व्यवस्था केलीच पाहिजे, असे राष्ट्रीय इमारत संहितेतही सांगितले आहे.

तिसरा उपाय भूमिगत निचऱ्याचा. भिंतीबाहेर, पायाच्या पातळीला चर खणून त्यात छिद्रे असलेला नळ उतारावर बसवतात, त्याभोवती खडी भरतात आणि माती शिरून ती चोंदू नये म्हणून गाळणी कापड गुंडाळतात. दख्खनच्या पठारावर याची आवश्यकता विशेष असते. तेथे पुष्कळ ठिकाणी मुरुमाखाली कठीण काळा पाषाण लागतो. त्यात खोदलेला खड्डा विहिरीप्रमाणे पाणी धरून ठेवतो आणि तळघर त्या विहिरीत उभे राहते. काळ्या मातीचा भरावही टाळावा. ती भिजली की फुगून भिंतीला रेटते आणि वाळली की भेगाळून पुढच्या पावसाला वाट देते.

भिंतीची पाळी येते ती यानंतर. जलरोधक थर शक्यतो बाहेरून द्यावा, म्हणजे पाण्याचा दाबच त्याला भिंतीशी घट्ट बसवतो. आतून दिलेला थर त्याच दाबाने सुटून येतो. आपल्याकडे तळाखाली आणि भिंतीबाहेर शहाबादी फरश्या लावून त्यांमधील जागा सिमेंटने भरण्याची पेटीपद्धत रूढ आहे. डांबरी थर वा पडदेही वापरतात. नव्या बांधकामात जमीन आणि भिंत यांच्या सांध्यात जलरोधी पट्टी अवश्य घालावी. जुन्या घरात बाहेरून खणणे अशक्य असेल तर आतल्या कडेने लहान पन्हळ काढून पाणी एका खड्ड्यात आणावे आणि पंपाने बाहेर टाकावे. मात्र मुसळधार पावसात वीज जाण्याचा संभव असतो हे लक्षात घेऊन पंपाला विजेची दुसरी सोय ठेवावी. पंप हा शेवटचा रक्षक आहे. पहिल्या तीन उपायांचे काम त्याच्यावर सोपवू नये.

पाणी शिरलेच तर

तळघरात पाणी येऊ लागले की सामान वाचवण्यासाठी खाली उतरण्याचा मोह होतो. तो आवरावा. दाराबाहेर अर्धा मीटर पाणी साचले, तर एक मीटर रुंदीच्या दारावर सुमारे १२५ किलोग्रॅमचा रेटा येतो. एक मीटर साचले तर ५०० किलोग्रॅमचा. पाण्याची उंची दुप्पट झाली की रेटा चौपट होतो. बाहेर उघडणारे दार अशा वेळी एकट्या माणसाच्या बळाने उघडत नाही. म्हणून पाणी पायाला लागताच सर्वांनी वर यावे. विजेचा मुख्य खटका कोरड्या जागेत असेल तरच तो बंद करावा. ज्या तळघराला बाहेर पडण्याची एकच वाट आहे, तेथे झोपण्याची किंवा अभ्यासाची खोली करूच नये.

पूर ओसरल्यावरही घाई नको. बाहेरची माती अजून पाण्याने भरलेली असते. आतले पाणी एकदम उपसले तर भिंतीला आतून मिळणारा आधार जातो आणि ती आत कोसळण्याचा धोका असतो. पाणी टप्प्याटप्प्याने, दिवसाला साधारण तिसरा हिस्सा याप्रमाणे काढावे, भिंतीवर खूण करावी आणि रात्रीतून पातळी पुन्हा चढली तर उपसा थांबवावा.

या उपायांपैकी पहिले दोन सर्वांत स्वस्त आहेत. त्यांना एक फावडे, एक शिडी आणि मे महिन्यातील एखादा रविवार पुरेसा होतो. पहिल्या मोठ्या पावसात घरधन्याने छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारावी आणि पाणी कोठून येते, कोठे थांबते, कोठे जाते, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. तळघराच्या दुरुस्तीचा खरा आराखडा त्याला त्या फेरीतच मिळेल.