'डोंगा' म्हणजे काय? चोखोबांच्या एका अभंगाविषयी

आषाढी एकादशीच्या दिंडीसाठी सहावी ते आठवीच्या मुलांकडून आम्ही चोखोबांचा उसाचा अभंग बसवून घेत होतो. चाल मुलांना दोन दिवसांत आली. अर्थ विचारला तेव्हा मात्र गंमत झाली. सहावीतल्या एकाने सांगितले, "डोंगा म्हणजे भाजी वाढायचं मोठं भांडं." वर्ग हसला, पण चूक त्याची नव्हती. आपल्या इंदुरात घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी. हिंदीत डोंगा म्हणजे तेच भांडे. मग उसाला डोंगा का म्हणायचे, ही त्याची शंका अगदी रास्त होती.

जुन्या मराठीतला डोंगा म्हणजे वाकडा, बेढब. वाऱ्यापावसाने ऊस आडवा पडतो, मग शेंडा पुन्हा वर उठू लागतो आणि कांडे वाकडे होते. असा ऊस मोळीत नीट बसत नाही. पण चरकातून निघणाऱ्या रसाला ती वाक नसते. अभंगात हीच गोष्ट पुढे धनुष्य आणि बाण, नदी आणि पाणी यांच्याबाबतीत सांगितली आहे. नदीचा दाखला चोखोबांना लांब शोधावा लागला नसेल. पंढरपुरात भीमा चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून तर तिथे तिचे नाव चंद्रभागा. शेवटी चोखोबा स्वतःकडे येतात : मीही तसाच वाकडा, पण माझा भाव वाकडा नाही. आणि धृपदात पुन्हापुन्हा एकच प्रश्न येतो, की वरच्या रूपाने माणसाला अशी भूल का पडावी.

इथे दोन शब्द नीट पाहायला हवेत. 'भाव' म्हणजे सराफ्यातला सोन्याचा भाव नव्हे आणि मुले एकमेकांना 'भाव खाऊ नकोस' म्हणतात तोही नव्हे. वारकरी बोलीत भाव म्हणजे अंतःकरणातली निष्ठा. दुसरा शब्द म्हणजे खुद्द त्यांचे नाव. 'चोख' म्हणजे निर्भेळ. चोख सोने, चोख हिशेब असे आपण आजही म्हणतो. ज्याचे नावच शुद्ध, तो स्वतःला वाकडा म्हणवतो. आम्हाला वाटते, तो कबुलीजबाब नाही. जग मला जे म्हणते तेच म्हणा, पण पुढचेही ऐका, असा तो सूर आहे.

आता मुख्य मुद्दा. आठवीच्या मुलांनी या अभंगाचा अर्थ लिहिला तेव्हा बहुतेकांच्या वहीत एकच वाक्य होते : "दिसण्यावर जाऊ नये, नाहीतर आपण फसतो." दिसते तसे नसते म्हणून जग फसते, ही म्हणही अनेकांनी जोडली. म्हण खरी आहे, पण ती या अभंगाचा अर्थ नाही. विश्वासाच्या बाबतीत माणूस दोन तऱ्हेने चुकतो. एक, नको त्याच्यावर विश्वास ठेवतो. दोन, ज्याच्यावर ठेवायला हवा त्याला दारातच अडवतो. आपल्या म्हणी, आजीच्या गोष्टी, पालकांच्या सूचना, सगळ्या पहिल्या चुकीपासून जपतात. चोखोबा दुसऱ्या चुकीविषयी बोलत आहेत. आणि ती चूक ज्याच्या वाट्याला आली, तोच इथे बोलतो आहे.

चोखोबा चौदाव्या शतकातले, मंगळवेढ्याचे. जातीमुळे त्यांना विठ्ठलाच्या देवळात पाऊल टाकता येत नव्हते. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, सर्वांनी अभंग रचले. असे घर विरळाच. परंपरा सांगते की मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असताना ते कोसळले आणि १३३८ मध्ये चोखोबांचा अंत झाला. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणल्या. समाधी झाली ती महाद्वारापाशी, म्हणजे पुन्हा बाहेरच. त्यांच्या समाजबांधवांना देऊळ खुले व्हायला १९४७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले होते. मधली वर्षे मोजली तर सहाशेहून अधिक भरतात. आणि या सर्व काळात वारकरी हा अभंग गातच होते, हेही मुलांना सांगितले पाहिजे.

सातवीतल्या एका मुलीने विचारले, "मग रस गोड आहे हे आधी कळणार कसं?" उत्तर सोपे नाही. अभंगात त्याची कसोटी दिलेली नाही. रस काढल्याशिवाय कळत नाही, एवढेच उसावरून म्हणता येते. दिलेली वेळ पाळतो का, उसने घेतलेले परत करतो का, पाठीमागे काय बोलतो, हे पाहायला दिवस लागतात. पालकांनी काळजी करू नये; अनोळखी माणसाबरोबर जाऊ नये हा नियम चोखोबा मोडायला सांगत नाहीत. कोणाचीही पारख करण्याआधी सावध राहणे वेगळे आणि कपडे, बोली, आडनाव पाहून पारख झाली असे मानणे वेगळे.

हे लिहिताना आम्हाला आमचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. याच तालमीत एके दिवशी टाळांची एक जोडी कमी भरली. कोणी कोणाचे नाव घेतले नाही. दप्तरे पाहायचे ठरले, आणि पहिले दप्तर उघडले गेले ते त्याच वर्षी शाळेत आलेल्या, ढगळ गणवेशातल्या मुलाचे. ते उघडायला आम्हीच सांगितले होते. त्याच्याकडून का सुरुवात केली, याचे उत्तर आमच्याकडे आजही नाही. टाळ पेटीच्या खोक्यात निघाले. तिथे ते आदल्या दिवशी आम्हीच ठेवले होते. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर त्याची माफी मागितली. तो "असू द्या, बाई" म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला. तालीम पुढे सुरू झाली, पण धृपदातला तो प्रश्न म्हणताना त्या दिवशी आमचा आवाज नीट लागला नाही.

आता एक काम. आपल्या आजी-आजोबांना विचारा, 'डोंगा' हा शब्द त्यांनी बोलण्यात कधी ऐकला होता का, कोणत्या गावी आणि कशासाठी. उत्तरे नाव-इयत्तेसह मराठी विभागात आणून द्यावीत. निवडक उत्तरे पुढील अंकात छापू.