कणीक आणि सूर

माऊली, पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक कशाला लावतात? ओल्या कणकेनं पुडीला वजन येतं, नाद खाली उतरून घुमतो. ध्रुपदाच्या संथ चौतालाला तो घुमारा शोभतो. आपल्या भजनात टाळांचा कडकडाट. त्यात उजवं तोंड चढं असेल तरच बोल ऐकू येतात. गठ्ठ्यांवर हातोडी मारून ते सुरात मिळवायचं. पण कुणाच्या सुरात? हौसेपायी काळी पाचला चढवलं, की मागं उभ्या म्हाताऱ्यांचा आवाज पोचत नाही, आणि ती माणसं गप्प होतात हो! म्हणून टाळकऱ्यांना आधी विचारा, काळी चार झेपेल का? उन्हात कणीक वाळते. ओला हात फिरवीत राहा. कीर्तन संपलं की काढून टाका.