म्येचिस्वाफ वाइनबर्ग यांचे चेंबर संगीत

म्येचिस्वाफ वाइनबर्ग (८ डिसेंबर १९१९, वॉर्सा – २६ फेब्रुवारी १९९६, मॉस्को) हे पोलंडमध्ये जन्मलेले ज्यू सोव्हिएत संगीतरचनाकार होते. मोजक्या वादकांसाठी रचलेल्या, म्हणजेच चेंबर संगीतात त्यांचे १७ स्ट्रिंग क्वार्टेट महत्त्वाचे मानले जातात. दोन व्हायोलिन, एक व्हायोला व एक चेलो अशा चार वाद्यांसाठीच्या रचनेला स्ट्रिंग क्वार्टेट म्हणतात.

पार्श्वभूमी

१९३९ मध्ये जर्मन आक्रमण होताच वाइनबर्ग सोव्हिएत संघात आश्रयाला गेले. मागे राहिलेले आई-वडील व बहीण नाझींच्या वंशसंहारात मारले गेले. १९४३ मध्ये ते मॉस्कोत स्थायिक झाले. फेब्रुवारी १९५३ मध्ये त्यांना अटक झाली. स्टालिनच्या मृत्यूनंतर त्यांची सुटका झाली.

विस्मरण

एमिल गिलेल्स, बोरोडिन क्वार्टेट यांसारख्या नामवंतांनी त्यांच्या रचना वाजवल्या. तरी सोव्हिएत संघाबाहेर त्या फारशा पोहोचल्या नाहीत. परममित्र दिमित्री शोस्ताकोविच यांची छाया म्हणूनच त्यांच्याकडे पाहिले गेले. शोस्ताकोविच यांनी मात्र आपला दहावा क्वार्टेट (१९६४) वाइनबर्ग यांनाच अर्पण केला होता.

ध्वनिमुद्रणे व पुनर्मूल्यमापन

१९९० च्या दशकात ऑलिंपिया या ब्रिटिश कंपनीने त्यांच्या संगीताची मालिका काढली. पुढे बेल्जियमच्या दानेल क्वार्टेटने सर्व १७ क्वार्टेट सहा भागांत ध्वनिमुद्रित केले. व्हायोलिनवादक गिडॉन क्रेमर यांच्या २०१४ च्या संचात तिसरा एकल व्हायोलिन सोनाटा (१९७९) आहे; तो वाइनबर्ग यांनी वडिलांच्या स्मृतीस अर्पण केला होता. त्यानंतर रोमानियाच्या आर्केडिया क्वार्टेटनेही मुद्रणे केली.

संगीताची लिखित संहिता वाजवली जाईपर्यंत मूकच असते. संपूर्ण मालिका सलग ऐकण्याची सोय झाल्यावर अनुकरणाचा जुना आक्षेप नव्याने तपासता आला. वाइनबर्ग यांनी पहिला क्वार्टेट १९३७ मध्ये वॉर्सात लिहिला, तर शोस्ताकोविच यांचा पहिला क्वार्टेट १९३८ चा आहे. अर्थात, आज ऐकू येणारे त्याचे रूप १९८५ मध्ये वाइनबर्ग यांनीच सुधारलेले आहे. त्यामुळे केवळ या पुराव्यावर वाद मिटत नाही. तरीही शोस्ताकोविच यांचा प्रभाव मान्य करूनही वाइनबर्ग यांना स्वतंत्र रचनाकार म्हणून ऐकता येते, हे या मुद्रणांनी दाखवून दिले.